गुलाबनानांचं मॉक ड्रिल

पार्वताबाईंनी विहिणीला कुलरसमोरची खुर्ची दिली, तेव्हाच घरातल्या सगळ्यांना कळून चुकलं की आज काहीतरी मागायचं आहे.

एरवी त्या खुर्चीवर पार्वताबाई स्वतः बसत. वरणगावचा मार्च महिना म्हणजे चेष्टा नव्हे. अकरा वाजताच अंगण तव्यासारखं होतं आणि घरातली सगळी माणसं त्या एका कुलरच्या आसपास जमतात. धुळ्याच्या सुंदरबाई मागच्या खेपेला आल्या होत्या तेव्हा त्यांना दाराजवळचं स्टूल मिळालं होतं. आज खुर्ची, वर उशी, शिवाय माठातलं पाणी. सुंदरबाई संशयाने बसल्या. त्यांचा भाऊ चिंधा, जो पिंपळनेरहून साक्रीपर्यंत जीपमधून पॅसेंजर वाहतो आणि बहिणीला जिथे जायचं तिथे घेऊन येतो, तो उंबऱ्यातच "जयभीम, जयभीम बठ्ठासले" असं सगळ्यांना म्हणत टेकला.

या दोन विहिणींचं चार वर्षांपासून काय चाललं होतं ते वरणगावात सगळ्यांना ठाऊक होतं. पहिलं बाळंतपण माहेरी आणि दुसरं सासरी, हा रिवाज. त्याप्रमाणे वृषालीचं पहिलं बाळंतपण धुळ्याला सुंदरबाईंनी केलं, आणि तिथे सीझर झालं. नात गुटगुटीत, संबोधी नाव ठेवलं, बाळंतविडा भरगच्च आला, पण पार्वताबाईंच्या मनातून ते सीझर काही गेलं नाही. विहिणीला त्या तोंडावर कधी बोलल्या नाहीत. त्या फक्त विहीण घरात असली की भिंतीला सांगत, "आमच्या घरात तिघी जावांचं नॉर्मल झालं बाई." भिंत काही उत्तर देत नसे आणि सुंदरबाई धुळ्याला जाऊन दोन दिवस जेवत नसत.

आता दुसरी पाळी सासरची होती. वृषालीला आठवा संपत आलेला. पार्वताबाईंनी शेजारच्या अमृतच्या आईपासून पोस्टातल्या बायकांपर्यंत सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की या वेळी नॉर्मलच होणार, आमच्या हाताला यश आहे. आणि सुंदरबाईंनी धुळ्यात सांगून ठेवलं होतं की एकदा सीझर झालं की पुन्हा सीझरच करावं लागतं, त्यात कोणाचा दोष नसतो. वरणगावला नॉर्मल झालं असतं तर धुळ्याचं नाक कापलं जाणार होतं. म्हणजे प्रश्न वृषालीच्या पोटाचा होता आणि इभ्रत दोन तालुक्यांची.

आदल्या दिवशी दोघी वृषालीबरोबर जळगावला डॉक्टर नाजमीनबाईंकडे गेल्या, सुंदरबाई धुळ्याहून परस्पर. पुढचं सगळं त्या भेटीने उलटं केलं.

डॉक्टरबाईंनी टेबलावर कागद ठेवून पेनाने पिशवीचं चित्र काढलं होतं. त्या म्हणाल्या, मागचा काप पिशवीच्या खालच्या भागात आडवा आहे, ते चांगलं. एकच सीझर झालंय, चार वर्षं मध्ये गेली, बाळाचं डोकं खाली आहे, वजन बेताचं. तेव्हा नॉर्मलचा प्रयत्न करता येईल. अशा चार बायकांपैकी साधारण तिघींना जमतं, एकीला मध्येच सीझर करावं लागतं. धोका म्हणाल तर, कळा येताना जुना टाका उसवू शकतो. दोनशेत एखादीच्या बाबतीत होतं. पण झालं तर आई आणि बाळ दोघांच्या जिवाशी गाठ, लगेच टेबलावर घ्यावं लागतं. म्हणून हे गावातल्या दवाखान्यात करायचं नाही. ऑपरेशन थिएटर, भूल देणारा डॉक्टर, रक्त, सगळं हाताशी असेल तिथेच. कळा सुरू झाल्या की घरी वाट बघायची नाही, निघायचं. ठरवून सीझर केलं तर हा धोका जवळजवळ राहत नाही, पण ते मोठं ऑपरेशन, आणि जितकी सीझर जास्त तितकी पुढच्या खेपेला वार पिशवीला चिकटून बसायची भीती जास्त. दोन्ही रस्ते आहेत. ठरवा आणि सांगा.

"ठरवा" म्हणताना त्या वृषालीकडे बघत होत्या. पण ऐकणाऱ्या दोघी होत्या, आणि दोघींनी वेगवेगळं ऐकलं.

पार्वताबाईंनी "टाका उसवू शकतो" एवढंच ऐकलं. रात्रभर त्यांना शिवणयंत्राचे आवाज येत राहिले. आपल्या पाळीला, आपल्या घरात पोरीला काही झालं तर धुळ्याच्या लोकांना तोंड कसं दाखवायचं, आणि त्याहून मोठं म्हणजे आपल्याला ही पोर लागते. सकाळी पोस्टात जाताना "आई, निघते" म्हणणारं दुसरं कोण आहे घरात? त्यांना रडू आलं आणि ते त्यांनी कांद्यावर ढकललं.

"विहीणबाई," पार्वताबाईंनी घसा साफ केला, "मी काय म्हनते, सीझरच केलेलं बरं."

सुंदरबाईंच्या हातातला तांब्या थबकला. चार वर्षं ज्या वाक्यासाठी त्या झुरल्या, ते वाक्य असं फुकटात समोर आलं, आणि नेमकं आता त्यांच्या उपयोगाचं नव्हतं. कारण त्यांनी "वार चिकटून बसते" एवढंच ऐकलं होतं.

"आसं कसं?" त्या म्हणाल्या. "मना मनमा तर आते नॉर्मलच शे!"

"तुमच्या मनात?"

"हो मना मनमा! पोरीले आखो पोरं व्हतीन का नही? दर टाइमले पोट फाडानं का?"

"मला असं वाटतं..." वृषाली कॉटवरून म्हणाली.

"तू लोळ बेटा, पाय वर घे," पार्वताबाई म्हणाल्या, आणि तिच्या हातात लिंबाचं सरबत दिलं.

मग पार्वताबाईंचे यजमान गुलाबनाना उठले. गुलाबनाना वरणगावच्या दारूगोळा फॅक्टरीत सेफ्टी विभागात उभं आयुष्य काढून रिटायर झालेले. घरात गॅसच्या शेगडीवर त्यांनी लाल अक्षरात 'आधी खिडकी उघडा' असं लिहून ठेवलं आहे आणि जिन्याच्या पहिल्या पायरीला पिवळा पट्टा मारला आहे. जिन्याला तीनच पायऱ्या आहेत.

"पहिले दोनशेत एक म्हंजे काय ते पाहू," नाना म्हणाले. "भूषण, तू गनिताचा मास्तर. सांग."

वृषालीचा नवरा बुद्धभूषण भुसावळच्या शाळेत गणित शिकवतो, पण घरात त्याला फक्त भाजीचा हिशोब विचारतात. तो खुलला. "अर्धा टक्का, नाना. म्हणजे साडेनव्व्याण्णव टक्के सुरक्षित."

"साडेनव्व्यान्नव? आमच्याकडे बारूद साडेनव्व्यान्नव टक्के बरोबर भरली तर साह्यब म्हने, उरलेल्या अर्ध्यासाठी भिंत बांधा!"

"मनी आंडेर, मनी पोर, काय बारूद शे का?" सुंदरबाई कडाडल्या.

"तसं नही विहीनबाई, मी रिस्कचं बोलतो."

उंबऱ्यातून चिंधामामा म्हणाला, "नाना, मनी गाडीना ब्रेक बी दोनशेमा एकदाव लागतस नही. तरी पिंपळनेरना पॅसेंजर मी रोज आनस का नही?"

यावर सगळ्यांनी सुंदरबाईंकडे बघितलं, कारण त्या त्याच गाडीतून आल्या होत्या.

नानांनी मनातल्या मनात काहीतरी नोंदवलं आणि विषय पुढे नेला. "सीझरच करायचं असंन, तर तारीख आपल्या हातात राहते. आपन मुहूर्त-बिहूर्त मानत नही. अजिबात नही. पन डॉक्टरनं दिलेल्या आठवड्यात चौदा एप्रिल येते, तर..."

"नाना!" भूषण म्हणाला.

"मुहूर्त नही रे. भीमजयंती हाये. नातवाचा वाढदिवस सगळं गाव करीन, खर्च वाचंन."

"मंग बुद्धपौर्णिमा कामून नको?" सुंदरबाईंना ते एकदम पटलं, म्हणजे तारीख ठरवणं पटलं, आपण नॉर्मलच्या बाजूच्या आहोत हे त्या क्षणभर विसरल्या.

"मामी, बुद्धपौर्णिमा मे महिन्यात आहे," भूषण म्हणाला. "बाळ तोवर थांबायचं नाही."

"माझं जरा ऐकता का?" वृषाली म्हणाली.

"सरबत गोड झालं का?" पार्वताबाईंनी विचारलं. "थांब, मीठ आनते."

पार्वताबाई मीठ घेऊन येईपर्यंत बाजू पुन्हा बदलल्या होत्या. भूषण नॉर्मलकडे सरकला होता, नाना सीझरकडे, आणि चिंधामामा जेवायला काय आहे त्याकडे. पार्वताबाईंना वाटलं, चार वर्षं विहिणीशी भांडताना निदान ती कुठे उभी आहे हे तरी माहीत असायचं. आता तीही जागा सोडून गेली नि आपणही.

"ऐका," नानांनी हात वर केला. "काय करायचं ते मागून. पन पोचायचं कसं ते आधी. डॉक्टरनं काय सांगितलं? कळा आल्या का निघा. मंग निघता येते का आपल्याले? पाह्यलं कोनी? फॅक्टरीत आम्ही काय करत होतो?"

"मॉक ड्रिल," भूषण खोल गेलेल्या आवाजात म्हणाला. लहानपणी दर दिवाळीला फटाके उडवण्याआधी त्याने ते केलं होतं.

"मॉक ड्रिल! आत्ताच. समजा, पेशंटले कळा सुरू झाल्या. इथून जळगावच्या दवाखान्याच्या दारापर्यंत. चिंधाभाऊ, गाडी काढा."

"जेवन?"

"आग लागली तर तुम्ही जेवता का?"

"मी तर जेवी लेस," चिंधामामा म्हणाला, पण उठला.

नानांनी कपाटातून फॅक्टरीतली शिट्टी काढली. कामं वाटली. पार्वताबाईंकडे बाळंतपणाची बॅग. सुंदरबाईंकडे थर्मास, गरम पाण्याची पिशवी, आणि पेशंटला आधार. भूषणकडे दवाखान्याला फोन. संबोधीला शेजारी अमृतच्या आईकडे पाठवायचं. "कोनी गोंधळ करायचा नही," असं म्हणून नानांनी शिट्टी फुंकली, आणि गोंधळ सुरू झाला.

बॅग मोठी होती. त्यात जुन्या लुगड्यांचे मऊ फडके, डिंकाचे लाडू, दोन गोधड्या आणि पार्वताबाईंची स्वतःची पातळं, कारण तिथे किती दिवस राहावं लागेल कोणाला माहीत. ती उचलताना त्यांना वाटलं आपल्यालाच कळा येणार. जीपपाशी पोचल्या तर सुंदरबाई आधीच मागच्या सीटच्या एका टोकाला बसलेल्या.

"तिकडे मी बसनार, पेशंटच्या उजव्या हाताले," पार्वताबाई म्हणाल्या. "सासरचं बाळंतपन हाये."

"पोर मनी शे."

"मंग तुम्ही डाव्या बाजूले सरका."

सुंदरबाई सरकल्या, पार्वताबाई चढल्या. मध्ये पेशंटची जागा सोडली. चांगली ऐसपैस सोडली. मग बॅग कुठे ठेवायची म्हणून ती त्या जागेत ठेवली, तेवढ्यापुरती. बॅग लवंडू नये म्हणून तिच्यावर उशी. उशी पडू नये म्हणून सुंदरबाईंनी तिच्यावर हात ठेवला. नाना पुढे, भूषण मागच्या फळीवर थर्मास घेऊन.

"सगळे बसले?" नाना ओरडले.

"बसले!"

शिट्टी. चिंधामामाने गाडी अशी काढली की अमृतच्या घरासमोरच्या कोंबड्या अजून सांगत असतील.

हायवेला लागल्यावर पार्वताबाईंना मजा वाटायला लागली हे कबूल करायला हवं. रावेरकडच्या केळीच्या ट्रकांची रांग लागली होती. नाना खिडकीबाहेर निम्मे लोंबकळून शिट्टी वाजवत, "पेशंट हाये! पेशंट हाये!" असं ओरडत, आणि ट्रकवाले खरंच बाजूला होत. भूषणने दवाखान्याला फोन लावून "समजा, आम्ही निघालो आहोत" असं सांगितलं, तर पलीकडची बाई म्हणाली, "समजलं नाही." साकेगावच्या पुढे एक खड्डा लागला तेव्हा सुंदरबाईंनी उशीला घट्ट धरून "जपीसन, जपीसन!" म्हटलं आणि पार्वताबाईंनीही दुसऱ्या बाजूने उशी सावरली. त्या क्षणी दोघींची बोटं एकमेकींना लागली आणि दोघींना जरा बरं वाटलं.

नशिराबाद ओलांडताना भूषणचा फोन वाजला. त्याने स्क्रीनकडे बघितलं. "अगं, आत्ता नको," तो घाईत म्हणाला, "आम्ही ड्रिलमध्ये आहोत," आणि फोन ठेवला.

"कोन होतं?" पार्वताबाईंनी विचारलं.

"वृषाली," भूषण म्हणाला.

मग पार्वताबाईंनी उशीकडे बघितलं. सुंदरबाईंनी उशीकडे बघितलं. सुंदरबाईंनी तिच्यावरचा हात हळूच, चटका बसल्यासारखा उचलला.

"व माय वं," त्या म्हणाल्या.

फोन पुन्हा वाजला. या वेळी भूषणने तो स्पीकरवर टाकला. बहुधा एकट्याने ऐकायची हिंमत नव्हती. वृषालीचा आवाज अगदी पोस्टाच्या खिडकीवरचा होता, शांत आणि स्वच्छ.

"पोचलात का? पेशंट विचारत होती."

नानांच्या तोंडातून शिट्टी गळून पडली. चिंधामामाने न सांगता ब्रेक दाबला आणि तो पहिल्या दणक्यात लागला.

चिंधामामाने गाडी वळवली. भुसावळ मागे पडलं तेव्हा सुंदरबाईंचे खांदे हलायला लागले. पार्वताबाईंना वाटलं रडताहेत. त्यांनी पाठीवर हात ठेवला तर बाई हसत होत्या, पदर तोंडात कोंबून. मग पार्वताबाईंनाही आवरेना. चार वर्षांत पहिल्यांदा दोघी एका गोष्टीवर हसल्या, आणि ती गोष्ट पुढे कधी कोणाला सांगायची नाही असं दोघींनी न बोलता ठरवलं. वरणगावात ते संध्याकाळच्या आत सगळ्यांना कळलं, तो भाग वेगळा.

घरी वृषाली कुलरसमोरच्या खुर्चीवर बसली होती. पाय स्टुलावर. शेवभाजीचं ताट संपवून बाजूला ठेवलं होतं. सगळे दारात एका रांगेत उभे राहिले. तिने एकेकाकडे बघितलं, पार्वताबाईंच्या काखेतली उशी बघितली, आणि ती हसायला लागली, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"नको हसू, टाका!" पार्वताबाई किंचाळल्या.

"टाका! टाका!" सुंदरबाईही.

"नाही उसवत हसून," वृषाली म्हणाली. तिने डोळे पुसले, पण ते पुन्हा भरले, आणि पार्वताबाईंच्या लक्षात आलं की आता ती हसत नाहीये.

"धुळ्याला पण असंच झालं होतं," ती म्हणाली.

"काय व्हयनं तठे?" सुंदरबाईंचा आवाज बारीक झाला.

"बाळाचे ठोके कमी झाले होते, माय. सीझर करणं बरोबरच होतं, डॉक्टरांचं काही चुकलं नाही. पण ते बाहेर तुम्हाला सांगितलं. तुम्ही सगळे बोललात, भूषणने सही केली. मी आत होते. शुद्धीवर होते. मला कुणी सांगितलंच नाही. नर्स पोट पुसायला लागली तेव्हा मी तिला विचारलं, ताई, काय करताय? ती म्हणाली, घरच्यांनी नाही सांगितलं?"

भूषण खाली बघत होता. थर्मास अजून त्याच्या हातातच होता.

"मला नॉर्मलचं वेड नाही," वृषाली म्हणाली. "भीती मलाही वाटते. ते दोनशेतलं एक तुमच्यासाठी गणित असेल, मला ते माझं पोट आहे. तरी मला प्रयत्न करायचाय. जळगावला, नाजमीन मॅडमच्या हाताखाली, थिएटर शेजारी असताना. आणि मध्येच नाही जमलं तर मीच म्हणेन, कापा. पण मी म्हणेन. तुम्ही बाहेरून नाही."

पार्वताबाईंना आठवलं, तिघी जावांचं नॉर्मल झालं होतं खरं, पण त्या तिघींनाही कोणी काही विचारलं नव्हतं. त्यात त्या स्वतः एक होत्या. इतकी वर्षं हे कधी डोक्यात कसं आलं नाही, याचं त्यांना नवल वाटलं आणि थोडा रागही आला. कोणाचा ते ठरवता येईना.

नाना ताठ उभे राहिले. फॅक्टरीत काही घडलं की ते साहेबांसमोर असेच उभे राहत.

"घटना," नाना म्हणाले. "पेशंट घरी, गाडी नशिराबादले. मूळ कारन. जो तो आपापली वस्तू सांभाळी राह्यला होता. पेशंटले कोनी इचारलं नही, पाह्यलं बी नही. चूक माझी, कारन शिट्टी माझ्याजवळ होती." त्यांनी शिट्टी काढून वृषालीच्या हातात दिली. "उपाय. पुढच्या खेपेले शिट्टी पेशंटकडे. पोरी, तुले जसं वाटते तसं."

वृषालीने शिट्टी घेतली आणि फुंकून बघितली. चिंधामामाने विचारलं, "आते जेवानं का?"

त्यानंतर नाना दुसऱ्याच कामाला लागले. चिंधामामाची जीप त्यांनी भुसावळच्या गॅरेजात नेऊन ब्रेक बदलून घेतले, आणि मामाला एप्रिलभर वरणगावातच ठेवून घेतलं. सुंदरबाईही राहिल्या. भीमजयंती आली, नाना मिरवणुकीत लेझीम खेळले आणि दर चौकातून घरी फोन करत राहिले. बाळाला काही घाई नव्हती. ते आलं एका साध्या मंगळवारी, ज्या दिवशी ना जयंती ना पौर्णिमा.

सकाळी वृषाली चहाचा कप ठेवून म्हणाली, "आई, सुरू झालं बहुतेक," आणि शिट्टी वाजवली.

ड्रिल इतकं सुंदर कोणी पाहिलं नसेल. वृषाली सर्वांत आधी गाडीत चढली, पुढच्या सीटवर. बॅग मागच्या फळीवर. विहिणी दोघी मागे, मध्ये काही न ठेवता, खेटून. भूषणने दवाखान्याला फोन केला आणि "समजा" म्हणाला नाही. नाना रस्त्याच्या मधोमध उभे राहून दोन्ही हातांनी वाहनं थांबवत होते. एक बस, दोन ट्रॅक्टर, आणि अमृतची मोटरसायकल. चिंधामामाने गाडी काढली.

साकेगावपाशी पार्वताबाईंना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. ओरडण्याचा आवाज नव्हता. त्यांनी मान वळवून मागे बघितलं.

"नाना?"

वृषालीने एक कळ जाऊ दिली, दार धरून, डोळे मिटून. मग म्हणाली, "असू दे. पेशंट आहे ना गाडीत? चला."

दवाखान्यात कळांच्या खोलीत एकाच बाईला आत सोडतात. सुंदरबाईंनी विहिणीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "तुमनी पाळी शे. जा." पार्वताबाई आत गेल्या. वृषालीच्या पोटाला पट्टा बांधला होता आणि त्यातून बाळाचे ठोके ऐकू येत होते, टपटप टपटप, पत्र्यावर पाणी पडल्यासारखे. पार्वताबाई तिची कंबर चोळत राहिल्या. सकाळची दुपार झाली. डॉक्टर नाजमीन येत, हाताने बघत, "छान चाललंय" म्हणत आणि जात. पार्वताबाईंनी मनात अमृतच्या आईला सांगायचं वाक्यसुद्धा जुळवून ठेवलं.

मग ते टपटप मधूनच मंद व्हायला लागलं. डॉक्टरबाई आल्या, बराच वेळ ऐकत राहिल्या. नर्सला काहीतरी हळू म्हणाल्या. पार्वताबाई एकदम दाराकडे वळल्या, त्यांना वाटलं आता डॉक्टर बाहेर जाऊन सगळ्यांना सांगतील.

डॉक्टरबाई बाहेर गेल्या नाहीत. स्टूल ओढून त्या वृषालीच्या तोंडापाशी बसल्या.

"वृषाली, टाका ठीक दिसतोय. पण बाळाचे ठोके मला आवडत नाहीयेत. माझा सल्ला आता सीझरचा आहे. तू काय म्हणतेस?"

पार्वताबाईंच्या तोंडात तीन वाक्यं तयार होती. तिन्ही त्यांनी गिळली. आयुष्यात इतकं जड काही त्यांनी गिळलं नव्हतं.

वृषालीने एक श्वास घेतला. "करा, मॅडम," ती म्हणाली. मग सासूचा हात दाबून, "आई, बाहेर सांगा. मी सांगितलंय म्हणून."

बाहेर नाना पोचले होते. रावेरकडून आलेल्या केळीच्या ट्रकने त्यांना दवाखान्याच्या फाटकापर्यंत सोडलं होतं. शर्टाला केळीचा चीक, हातात ड्रायव्हरने दिलेली केळ्यांची आख्खी फणी. "पेशंट कुठे हाये?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

"आत. सीझर करी राह्यले," पार्वताबाई म्हणाल्या.

सुंदरबाईंची मान खाली गेली. चार वर्षांची सवय होती ती.

"कोनी सांगितलं?" नानांनी विचारलं.

"वृषालीनं. मी तिथंच होते. तिले इचारलं, आन तिनं सांगितलं."

थिएटरबाहेर एक जुना कुलर होता आणि त्याच्यासमोर एकच खुर्ची. पार्वताबाईंनी ती विहिणीकडे सरकवली. सुंदरबाई सवयीने क्षणभर थांबल्या. पण या वेळी काही मागायचं नव्हतं. पार्वताबाई शेजारी फरशीवरच बसल्या आणि दोघी दाराकडे बघत राहिल्या. नानांनी दोघींना एकेक केळ दिलं. कोणी खाल्लं नाही.

दार उघडलं तेव्हा आधी रडणं बाहेर आलं आणि मग नर्स. मुलगा. आई चांगली आहे, बोलतेय, मुलाचं नाक कोणासारखं आहे ते विचारतेय. भूषण भिंतीला टेकून रडला. नाना म्हणाले, "मंगळवार. फॅक्टरीत मंगळवारीच सायरन तपासत होतो आम्ही," आणि ते त्यांना फार मोठ्या योगायोगासारखं वाटलं.

पार्वताबाईंचा फोन वाजला. अमृतची आई. सगळ्या गल्लीच्या वतीने.

"काय झालं वं पार्वताबाई? नॉर्मल का सीझर?"

पार्वताबाईंनी विहिणीकडे बघितलं. सुंदरबाई हातातल्या केळाची साल उगाच सोलत होत्या आणि कान इकडे होता.

"आमच्या वृषालीनं जे म्हटलं ते झालं," पार्वताबाई म्हणाल्या, तेही भिंतीला न सांगता, सरळ फोनमध्ये, सगळ्या वरणगावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.